पितळी परातीचा सेट

माझ्या हातून इतके रेडिओ बरे झाले आहेत की नांदेडच्या चिमण्या बातम्यांच्या वेळेला आपसूक गप्प बसतात. हे मी कुणालाही सांगते आणि कुणीही मानत नाही. मानूही नये. मी जन्माची थापाडी. आई म्हणायची, ही पाळण्यात रडायची तेसुद्धा चार शेर जास्तीचं. पण आयुष्यात एकदा, एकदाच, मी खरं बोलले होते. त्या एका खऱ्याची लातुरात जी धिंड निघाली तिचा सूड मी चाळीस वर्षं लोणच्यासारखा बरणीत दाबून ठेवला. वर तेल, तोंडाला फडकं, फडक्यावर दोरी. दर उन्हाळ्यात बरणी हलवून बघायची. मुरत होता. नासला नाही.

यंदाच्या चैत्रात, भर दुपारी, आमच्या दुकानापुढं एक गाडी थांबली. विष्णुपुरीकडं शिकवणारा एक तरुण मास्तर दोन्ही हातांनी एक गाठोडं छातीशी धरून आत आला. बाळंतिणीला घरी आणावं तसा जपून.

"मन्मथ रेडिओ हेच ना?"

गल्ल्यावर आमचे मालक बसले होते. संसार सुरू झाल्यापासून ते गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत आले आहेत. तेच सांगितलं. "हाव. करणारी आत हाय."

मास्तरनं माझ्या टेबलावर चादर सोडली. आतून सेट निघाला. गोल. लष्करी हिरव्या रंगाचा, वर काचेच्या तीन व्हॉल्व्ह, पुढं दोन बटणं, बाजूला टकटक करायची पितळेची की. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात थरथरले असं म्हणणार होते, पण ती थाप होईल. हात अगदी स्थिर होते. मांजर उडी मारायच्या आधी असतं तसे.

"आमच्या सरांचा आहे," मास्तर म्हणाला. "लातूरला एकसष्टी आहे त्यांची. दुष्काळात, लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी, सरांनी स्वतःच्या हातानं बनवलेला वायरलेस. बोलायचं आणि ऐकायचं, दोन्ही ह्याच्यावर. सत्काराला चालू करून दाखवायचाय. आणि बघा, गोल आहे. जगातले सगळे सेट चौकोनी. सर म्हणतात, गोल आकारात लहरी अडकत नाहीत."

"हाव का. अडकत न्हाईत का?"

"त्यांचा तो शोध आहे. खरं तर सरांनी हैदराबादला न्यायला सांगितलं होतं. पण तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं दुकान आवरलं, तोच म्हणाला नांदेडला जा. सरांना आपण हैदराबादच वाटू द्या हं. त्यांना त्यात जरा बरं वाटतं." मग त्यानं आवाज उतरवला. "आणि एक. खालची फळी उघडायची नाही म्हणालेत. खाली नाजूक आहे."

आता हे ज्याला रेडिओतलं कळत नाही त्याला समजावं म्हणून सांगते. सेटच्या वर असतो तो नुसता मुखवटा. सगळी वायर, सगळे कथलाचे डाग, सगळा जीव खालच्या अंगाला. फळी न उघडता सेट दुरुस्त करा म्हणणं म्हणजे तोंड न उघडता दात काढा म्हणणं. ज्यानं उभ्या आयुष्यात सेटला एक डाग दिला नाही त्यालाच असं सांगायचं सुचतं.

"सरांचं नाव?" मी विचारलं. माहीत असून विचारलं. काही नावं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की बरणीतलं तेल हलतं.

"शिवप्पा सर."

"ठेवा. सत्काराच्या दिवशी मीच घेऊन येईन लातूरला. असला सेट रस्त्यानं दुसऱ्याच्या हाती देत नसतात."

तो गेल्यावर मालक चहा घेऊन आत आले. सेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कुणाचा हाय गं?"

"माझा."

ते बाहेर गेले आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

मी वाकून सेटला नाक लावलं. पितळ, जुना ऑइलपेंट, राळ, आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर बसलेल्या धुळीचा तो जळका, गोडसर वास. चाळीस वर्षांत तो कुठंच गेला नव्हता, परातीत बसून राहिला होता. त्या वासाबरोबर सगळं लातूर माझ्या टेबलावर सांडलं.

त्या साली लातुरात पाणी नव्हतं असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. आमच्या गल्लीतल्या पाली भिंतीवरून पडायच्या, कारण चिकटायला पायाला ओल लागते. धोब्याची गाढवं सुट्टीवर गेली. आडात पोहरा सोडला की त्याचा खालून आवाज यायचा तो दगडाचा, आणि वर काढला की त्यात असायचा अंधार. टँकरचा भोंगा वाजला की लग्नातली नवरीसुद्धा बोहल्यावरून घागर घेऊन पळायची. एकीला मी स्वतः बघितलं. नवरा अंतरपाट धरून उभाच.

आणि त्याच साली जिल्हा झाला. उस्मानाबादेतून आम्हाला कापून काढलं आणि आम्ही एकदम मोठे झालो. जिकडं तिकडं पेंटर शिडीवर. कचेरीवर, शाळेवर, दवाखान्यावर जुनं नाव पुसून 'जिल्हा लातूर'. अख्ख्या गावात ओलं असं एकच होतं, पाट्यांवरचा रंग. लोक येता-जाता त्याला बोट लावून बघायचे. ऑइलपेंटचा वास आणि तापलेल्या मातीचा वास, ह्या दोन्हीत मिळून आमचा जिल्हा जन्मला. सुइणीला हात धुवायलाही पाणी नव्हतं.

मामा पलीकडच्या गल्लीत राहायचे. आईचे सख्खे भाऊ, फौजेत वायरलेसवर होते, निवृत्त होऊन आले ते हौशी वायरलेसचं लायसन घेऊन. उंच, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोटं अशी की हवेत नुसती हलवली तरी काहीतरी म्हणत आहेत असं वाटायचं. पण त्या बोटांना कंप सुटला होता. डाग देताना कथील भलतीकडं पडायचं. म्हणून त्यांनी माझी बोटं घेतली. घेतली म्हणजे शिकवली. शाळेनं मला जे शिकवलं ते मी विसरले. मामांनी शिकवलेलं बोटांना आहे, मला विचारायची गरज नाही.

"पोरी, हात हलका ठेव. कीला मारायचं न्हाई, टेकायचं. देवाला फूल वाहतेस का दगड?"

वायरलेसवरची टकटकीची भाषा, मोर्स म्हणतात ती, मी स्वयंपाकघरात घोटली. खलबत्त्यात मिरची कुटताना, पेल्यावर चमचा वाजवताना. मामा आमच्या ओसरीवर बसून ऐकायचे आणि तिथूनच म्हणायचे, "मिरचीत स्पेलिंग चुकलं." चहा हवा असला की ते पाटावर बोट वाजवायचे, मी आतून बत्त्यानं साखर आहे-नाही ते कळवायची. आईला वाटायचं घराला वाळवी लागली.

सेट करायचा ठरला तेव्हा खाली बसवायला पत्रा मिळेना. दुष्काळात पत्रा सगळा टँकरच्या टाक्यांना गेला होता. मग मीच माझ्या रुखवताची परात काढली. मामांनीच दिलेली, जड पितळी, आतल्या अंगाला मधोमध नाव घातलेली. आमच्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. भांडेवाला छोट्या छिन्नीनं टिंब-टिंब करत नाव उठवतो, आणि लग्नाकार्यात शंभर घरची भांडी एकत्र झाली तरी बायका एकमेकींचं भांडं नावावरून बरोबर ओळखून आपापल्या घरी नेतात. बाईच्या हातात भांडं आलं की ती आधी नाव बघते, मग भांडं. माझ्या परातीवर होतं, 'कु.', पुढं माझं माहेरचं नाव, आणि 'हिस मामाकडून'. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते कुणाच्या तोंडून निघायला हवं होतं त्याचीच ही सगळी हकीकत आहे.

परात पालथी घातली. वरून व्हॉल्व्ह, खालून वायरी, आणि वायरींच्या मधोमध माझं नाव. हातानं फिरवायच्या ड्रिलनं मी तिला भोकं पाडली तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला. "सासरी काय सांगायचं? परातीला देवी आल्या म्हणून?" गोल आकाराचा शोध तो असा लागला. लहरींना त्यातलं काही माहीत नाही.

आणि शिवप्पा? मामांचा एकुलता एक. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. तो दारात उभा राहून विचारायचा, "आक्का, हे काय करून राहिलीस?" जवळ यायचा नाही. एकदा त्याला झटका बसला होता, तेव्हापासून तो सेटला नमस्कारसुद्धा लांबून करायचा.

सेट झाला, पण बोलेना. मामांनी डोकं हलवलं. "अर्थिंग मेलंय. जमीनच कोरडी, करंट उतरणार कुठं?" वायरलेसला एक तार आकाशात लागते आणि एक जमिनीत, आणि जमिनीतल्या तारेला ओल लागते. ओल. त्या साली. गल्लीत लोक पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडत होते, आणि आम्हाला रोज एक तांब्या पाणी जमिनीत ओतायचं होतं.

मी माझ्या आंघोळीचं ओतलं. माणशी एक तांब्या यायचा. नऊ दिवस मी माझा तांब्या परसातल्या खड्ड्यात त्या तारेच्या मुळाशी ओतला आणि तशीच राहिले. पाणी मातीत जाताना जो चुर्र आवाज करायचं तो मला अजून ऐकू येतो. शेजारच्या बायकांनी बघितलं आणि गावभर झालं, की ह्यांची पोर लोखंडाला पाणी पाजते. नवव्या दिवशी माझ्याजवळून बकऱ्यासुद्धा वळसा घालून जायच्या.

दहाव्या दिवशी, दिवेलागणीला, मामा शेजारी बसलेले, मी कीवर बोट टेकलं आणि हाक घातली. कुणी आहे का. कुणी आहे का. कानात नुसती खरखर, शेंगा भाजल्यासारखी. आणि मग त्या खरखरीच्या खालून, फार लांबून, सुई टोचल्यासारखा बारीक आवाज आमच्याच लायसनची खूण परत घालू लागला.

जपानच्या खाली कुठंतरी एक बेट. तिथला एक माणूस. त्याचं नाव मला आजही म्हणता येत नाही. मी माझं नाव पाठवलं, गाव पाठवलं. हवामान सांगायची रीत असते, म्हणून पाठवलं, इथं पाऊस नाही, दोन वर्षं. थोडा वेळ खरखर. मग तो म्हणाला, इथं पाऊस थांबत नाही, आज नववा दिवस. मी मामांकडं बघितलं. मामा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बोटं मांडीवर त्याचाच पाऊस वाजवत होती. शेवटी तो म्हणाला, कार्ड पाठवतो. आमच्यात तशी रीत आहे. बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना कार्ड टाकायचं. कार्ड आलं की ते बोलणं खरं झालं.

मी तशीच गल्लीत पळत गेले आणि सांगितलं. आणि इथं माझ्याकडून चूक झाली. नुसतं खरं सांगायची मला सवयच नव्हती. मी म्हणाले, तिथं नऊ दिवस पाऊस पडून राहिलाय, इतका की त्याच्या खोलीत बेडूक येऊन बसतात. बेडूक मी घातले. बेडकांनी सगळं बुडवलं.

"आलीस का बेटावरनं?" टँकरच्या रांगेत बायका विचारायच्या. "येताना एक घागर आणायची होतीस की."

"कार्ड येऊ द्या," मी म्हणायची.

कार्ड मामांच्या पत्त्यावर येणार होतं. चैत्र गेला, वैशाख गेला. रोज पोस्टमन वळला की मी दारात. उन्हाळ्यातल्या त्या सायकलच्या घंटेइतका कोरडा आवाज मी दुसरा ऐकला नाही. मग मामा एका सकाळी पाटावरून उठताना पडले, आणि त्यांची वाचा गेली, उजवं अंग गेलं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. मी उशाशी बसले की ते बोट पलंगाच्या लाकडावर वाजायचं. सी. ए. आर. डी. रोज. मला वाटायचं विचारत आहेत. मी म्हणायची, "न्हाई आलं मामा अजून." ते डोळे मिटायचे. पुन्हा वाजवायचे. सी. ए. आर. डी. पाऊस यायच्या आधी ते गेले.

जिल्ह्याचा मोठा सोहळा झाला तेव्हा मैदानात मांडव होता आणि मांडवात नव्या जिल्ह्यातल्या हुशार तरुणांचं प्रदर्शन. मी घागर घेऊन बायकांच्या बाजूला उभी होते, टँकर त्याच रस्त्यानं येणार होता म्हणून. स्टेजवर माझी परात. शेजारी शिवप्पा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात हार. माईकवर म्हणाला, "हा सेट मी बनवला." कुणीतरी खालून ओरडलं, "आक्काचं बेट लागतं का रे त्याच्यावर?" मांडव हसला. शिवप्पाही हसला, आणि हसत हसत म्हणाला, "आक्काचं सोडा. तिला घागरीत बी समुद्र दिसतो."

हेच ते वाक्य. बरणीत घातलं ते हेच.

त्या साली माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. नवरा रेडिओच्या दुकानवाला बघितला होता, एवढं एक आईनं माझं ऐकलं. रुखवतात परात नव्हती. शिवप्पा त्या सेटवर मास्तर झाला, हेडमास्तर झाला, वायरलेस सर झाला. सेट काचेच्या कपाटात. मी कीला पुन्हा बोट लावलं नाही. नातलगांच्या लग्नात तो दिसला की मी पंगतीची बाजू बदलायची.

तर आता टेबलावर तो सेट, अर्धं शटर ओढलेलं, आणि 'फळी उघडायची नाही'. मी फळी उघडली.

वायरींचं रबर हातात घेताच भुगा झालं. उंदरानं एका कोपऱ्यात प्रपंच मांडून मोडला होता. पण माझे डाग जसेच्या तसे होते, मोहरीएवढे, चकचकीत. मी मधोमध बघितलं आणि नाव नव्हतं. नावाच्या जागी पिठाच्या खळीनं जाड कागद चिकटवला होता. पिवळा पडलेला, कडांना झुरळांनी कुरतडलेला. म्हणजे त्यानं फळी उघडली होती तर. चाळीस वर्षांत एकदा, आणि ती एवढ्याचसाठी.

मालकांनी स्टोव्हवर किटली ठेवली. तिच्या वाफेवर मी तो कागद भिजवत, सुईनं कड उचलत, दुपारभर बसले. खळीचा आंबूस वास सुटला. कागद उलटा निघाला. मागच्या अंगाला एका होडीचं चित्र, परदेशी तिकीट, आमच्या लातूरच्या पोस्टाचा शिक्का, मामांचा पत्ता, आणि त्यांच्या नावाखाली इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, माझं नाव.

मला तेव्हा पलंगाचं लाकूड ऐकू आलं. सी. ए. आर. डी. मामा विचारत नव्हते. सांगत होते. कार्ड आलेलं आणि शिवप्पानं लपवलेलं त्यांनी पलंगावरून बघितलं होतं, आणि घरात ती भाषा येणारी एकटी मी, आणि मी रोज त्यांना सांगत होते, न्हाई आलं.

तोवर माझा सूड गमतीचा होता. शिवप्पाच्या सेटमधून सत्काराच्या वेळी गाढवाचा आवाज काढायचा, असलं काहीतरी मी योजलं होतं. कार्ड वाचल्यावर मी ते सगळं सोडलं. मी सेट नीट केला. इतका नीट की तसा मी कुणाचाच केला नसेल. नव्या वायरी, नवे कपॅसिटर, प्रत्येक डाग मामा बघत आहेत असा. परात चिंच लावून घासली. नाव सोन्यासारखं उठलं.

सत्काराला हॉल भरलेला. शिवप्पा खुर्चीवर, कपाळाला विभूती, खांद्यावर शाल, पोट आलेलं, शर्टाची इस्त्री तीच. शेजारी त्याची बायको, सुमनवहिनी. मास्तरनं माईकवर सांगितलं, "आता सेट दुरुस्त करणारे कारागीर सेट सरांच्या हवाली करतील." मी सेट घेऊन पायऱ्या चढले. शिवप्पानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा भर सभेत हॉलबाहेर निघून गेला.

"आक्का?"

"नांदेडचं दुकान माझंच हाय. हैदराबाद लांब पडतं रे."

"फळी..." तो हळूच म्हणाला.

"आमच्या धंद्यात रीत हाय," मी माईककडं तोंड करून म्हणाले. "सेट परत देताना आधी त्याचं पोट दाखवायचं, मग चालू करायचा. काम खालीच असतंय. काय शिवप्पा? तू बनवलास, तुला म्हाईतच असंल."

मी सेट टेबलावर आडवा केला. पितळ दिव्यांत झळकलं. शिवप्पाच्या डोळ्यांनी कागद शोधला. कागद नव्हता. आणि मी काहीच बोलले नाही. मला बोलायची गरजच नव्हती, कारण सुमनवहिनी पुढं झुकली होती. भांडं दिसलं आणि तिनं बाईमाणसाच्या सवयीनं नाव बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर परात हाय." माईक तिच्या पुढ्यातच होता. मग टिंबांवर बोट फिरवत, पंगत उठल्यावर भांडी वाटतात त्या सुरात तिनं वाचलं. 'कु.', माझं नाव, 'हिस मामाकडून'. "अहो, हे वन्संचं नाव हाय की. वन्संची परात तुमच्या वायरलेसमंदी कशी?"

शिवप्पानं खांद्यावरची शाल सावरली.

मी पिशवीतून कार्ड काढलं आणि शिवप्पाच्या हातात दिलं. "वाच. तुझं इंग्रजी चांगलं हाय. मराठीत करून वाच, म्हणजे समद्यांना कळंल."

"आक्का, घरी बसून बोलू ना."

"घरीच होतं की ते चाळीस वर्षं. माईकवर वाच."

त्यानं चष्मा लावला. हौशी माणसाला ते कार्ड म्हणजे काय हे मास्तरला माहीत होतं. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि शिवप्पाला एक शब्द गाळता येईना. त्यानं आधी नाव वाचलं. माझं नाव, त्याच्या तोंडातून, माईकवर, लातुरात. मग तारीख, वेळ. मग खालचा मजकूर, थांबत थांबत. "तुमचा आवाज बारीक, पण स्वच्छ होता. तुमचा हात हलका आहे. इथं पाऊस अजून चालूच आहे. इतका, की..." तो थांबला.

"की?" मी म्हणाले.

"की बेडूक माझ्या खोलीत येऊन बसतात. तुमच्याकडंही पाऊस पोचो. उत्तराच्या कार्डाची वाट बघतो."

मागच्या रांगेत माझ्या वयाचा एक म्हातारा उभा राहिला. कधीतरी मांडवात ओरडलेला तोच होता असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मला माहीत नाही. तो म्हणाला, "म्हणजे बेडूकबी खरे व्हते?" आणि हॉल हसला. त्या दिवशीसारखाच, पण तोंड शिवप्पाकडं फिरवून. माझी थाप त्या माणसानं मला न विचारता बेटावर बसून खरी केली होती, आणि मी ती चाळीस वर्षं खोटी म्हणून वागवत होते.

मी सेट सुलटा केला. बटण फिरवलं. व्हॉल्व्ह लाल झाल्या, तापल्या धुळीचा वास सुटला, खरखर आली. शेंगा भाजल्यासारखी. मी कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पायऱ्या उतरले. बस मिळाली ती लोह्याच्या वाटेनं. खिडकीतून सगळं रान पिवळं, रखरखीत. मला फार छान वाटत होतं. हे मी लपवणार नाही. लोणचं मुरलेलं होतं, आणि मी बोटं चाटून खाल्लं.

आठ दिवसांनी शिवप्पा नांदेडला आला. एकटा. सेट चादरीत गुंडाळून.

"करणारी आत हाय," मालक म्हणाले.

तो स्टुलावर बसला. बराच वेळ हातातला कंगवा खिशात घालत, काढत. "सुमन जेवायला वाढते," तो म्हणाला, "बोलत न्हाई. परात आणलीय. तुझी हाय."

"ठेव तिथं."

"मी जाळणार होतो गं कार्ड. काडी बी पेटवली होती." का जाळलं नाही ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

मी कामात होते. माझ्यापुढं कोरं कार्ड होतं. कार्डाला कार्ड द्यायचं राहिलं होतं, आणि ह्या एका गोष्टीचं सूड घेऊनही काही होत नव्हतं. तो माणूस बेटावर किती दिवस वाट बघून उठला असेल, लातूरची पोर रीत मोडणारी निघाली असं म्हणाला असेल का, आहे तरी का, कुणाला माहीत. त्याचं कार्ड मी शेजारी ठेवलं होतं. त्याच्यावर 'पाऊस' ह्या शब्दापाशी शाई पसरलेली आहे, वाटाण्याएवढी. तो लिहीत असताना खिडकीतून थेंब आत आला असणार. नव्या जिल्ह्यात त्या साली पडलेला पहिला थेंब पोस्टानं, माझ्या नावावर आला होता, आणि शिवप्पानं तो खळ लावून परातीच्या पोटाशी दाबला. ही थाप नाही. शाई पसरलेली आहे, येऊन बघा.

उत्तरावर मी नाव लिहिलं, माहेरचं. गाव लिहिलं. हवामानाच्या रकान्यात लिहिलं, ऊन, कोरडं. त्याखाली बारीक अक्षरात, तुमचा एक थेंब पोचला, उशिरा.

शिवप्पा स्टुलावरून मान उंच करून बघत होता.

"आक्का," तो म्हणाला, "माझंबी काही लिहितेस का त्याच्यात?"

मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. नीट बघितलं. तिकिटाशेजारी बोटभर जागा होती.

"जागा न्हाई," मी म्हणाले, आणि टोपण लावलं.